फी किती, आणि शेजारी कोण?

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मामेबहिणीनं व्हॉट्सअॅपवर दोन फोटो पाठवले. एक कॅप राऊंडमध्ये मिळालेल्या इंजिनिअरिंग कॉलेजचं अलॉटमेंट लेटर. दुसरा एका खाजगी विद्यापीठाच्या चकचकीत माहितीपत्रकाचा: हिरवळ, काचेची इमारत, लॅपटॉप घेऊन हसणारी सहा पोरं आणि भारताचा नकाशा. नकाशावर ठिपके. खाली लिहिलेलं, की आमच्याकडे इतक्या राज्यांतले विद्यार्थी शिकतात. फोटोंखाली तिचा मेसेज: 'दादा, कुठलं घेऊ? सीट फ्रीज करायला उद्या पाचपर्यंतच वेळ आहे.'

आजऱ्यात ऑगस्टचा पाऊस म्हणजे काय, हे न पाहिलेल्याला सांगून कळायचं नाही. रेंज जाते, वीज जाते, घराच्या मागं हिरण्यकेशी फुगलेली असते. मामा भाताची भांगलण सोडून फोनपाशी बसून होता. त्याचं मत ठरलेलं होतं. "ते विद्यापीठ हाय, हे नुसतं कॉलेज. मग विद्यापीठच मोठं असंल की."

मीही २०१७ साली असाच विचार केला होता.

बारावी आजऱ्यात झाली आणि मी पुण्याच्या बाहेर, हायवेला लागून असलेल्या एका छोट्या खाजगी विद्यापीठात गेलो. नाव सांगत नाही. पहिल्या वर्षाची फी १,४०,०००, त्यात तीस टक्के 'स्कॉलरशिप'. स्कॉलरशिप म्हणजे त्यांनीच ठरवलेल्या फीमध्ये त्यांनीच दिलेली सूट, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. पुढच्या वर्षी ती टिकवायला ८ सीजीपीए लागत होता, माझा आला ७.६. आईच्या पाटल्या पतसंस्थेत गेल्या. नकाशावरचे ठिपके मात्र खरे होते. माझ्या खोलीत एक सिवानचा, एक सिलचरचा. मला हिंदी तिथंच आली, लिट्टी-चोखा तिथंच कळला, आणि त्या दोघांबद्दल माझी काही तक्रार नाही. पण तिसऱ्या सेमिस्टरला एकदा मेसमध्ये बसून आम्ही सहज मोजलं: कुणाचे वडील कंत्राटदार, कुणाचे एलआयसीत, कुणाचं मेडिकल, कुणाचा पेट्रोल पंप. अकरा राज्यं आणि साधारण एकच उत्पन्न. शेतकऱ्याची पोरं तीन, तिघंही कर्जावर.

माझा बारावीचा बेंचमेट, ज्याला गणितात माझ्यापेक्षा नऊ मार्क जास्त होते, त्या वर्गात नव्हता. तो आमच्याच गावच्या दलित वस्तीतला. त्याची फी जिथं माफ होत होती तिथं, एका साध्या विनाअनुदानित कॉलेजात तो गेला.

बहिणीला उत्तर द्यायला माझ्या हातात एक रात्र होती. पण हा प्रश्न मी त्याआधी चार-पाच वर्षं, जमेल तसं वाचत, मागं मागं शोधत गेलो होतो. शिक्षणाचा खर्च कुणी करायचा आणि वर्गात आपल्या शेजारी कोण बसणार, हे दोन प्रश्न वेगळे नाहीत, आणि आमच्या जिल्ह्यात ते सव्वाशे वर्षांपूर्वी एकत्रच विचारले गेले होते. शाळेत आम्हाला शाहू महाराजांवर भाषणं पाठ करायला लावत. त्या भाषणांत हा हिशोब कधी नव्हता.

हिशोब असा. कोल्हापुरात राजाराम कॉलेज १८८० पासून होतं. कॉलेजच्या दारावर 'अमक्या जातीला प्रवेश नाही' अशी पाटी नव्हती. पण खेड्यातून आलेल्या कुणब्याच्या पोरानं राहायचं कुठं आणि जेवायचं कुणाकडं? ब्राह्मण विद्यार्थ्याला शहरात नातेवाईक होते, वार लावून जेवायची जुनी सोय होती. इतरांना भाड्याची खोली आणि खानावळ, म्हणजे रोख पैसा. अडसर फीपेक्षा भाकरीचा होता. शाहूंनी १८९६ मध्ये सगळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह काढलं. ते चाललं नाही. कारभार एका जातीच्या हातात गेला आणि थोड्याच काळात तिथं राहणारेही त्याच जातीचे उरले. एकत्र ठेवायचा पहिला प्रयत्न असा फसला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दार सगळ्यांना उघडं ठेवलं की सगळे आपोआप आत येतात, हा भ्रम शाहूंचा तेव्हाच फिटला असावा.

मग १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग. त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग. १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल. पुढं लिंगायत, दैवज्ञ, नामदेव शिंपी, सारस्वत, ख्रिश्चन अशी यादी वाढत गेली. दरबारानं जागा द्यायची, इमारतीला मदत करायची, वर्षाला अनुदान द्यायचं, आणि त्या त्या समाजानं उरलेला भार उचलायचा. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळं. मधेच, २६ जुलै १९०२ रोजी, संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांना निम्म्या जागा राखून ठेवल्याचा हुकूम निघाला. त्या जागांवर बसायला शिकलेली माणसं लागणार होती, आणि ती या बोर्डिंगांमधून येणार होती.

आज कुणी म्हणेल, जातवार वसतिगृहं म्हणजे जात पक्की करणंच की. म्हणणारा अगदीच चुकत नाही. ते कोडं ज्यानं स्वतःच्या अंगावर घेतलं तो मुलगाही आमच्याच जिल्ह्यातला, कुंभोजचा. भाऊराव पाटील कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. मिस क्लार्क होस्टेलच्या समारंभाला ते गेले, परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायला नकार दिला आणि बोर्डिंगमधून बाहेर पडले, अशी हकिकत सांगितली जाते. पुढं १९१९ मध्ये कराडजवळ काले इथं त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं, त्याला नाव दिलं शाहूंचं, पण तिथं शाहूंच्या पुढचं पाऊल टाकलं: सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली, एका चुलीवर. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं नामकरण झालं.

चूल पेटवायला पैसा कुठून आला? मुलं कामं करत. लोक मूठमूठ धान्य देत. आणि कमी पडलं तेव्हा लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने मोडले. १९४७ मध्ये साताऱ्यात शिवाजी कॉलेज निघालं तेव्हा हीच रीत कॉलेजात नेली: कमवा आणि शिका. फी नाही, श्रम. वेगवेगळ्या घरची पोरं एकत्र आणायची तर कुणीतरी त्याचा खर्च सोसायला लागतो, हे भाऊरावांना पक्कं माहीत होतं. तो त्यांनी विद्यार्थ्याच्या बापावर टाकला नाही, एवढंच.

आता बहिरेवाडी. आजरा तालुक्यातलं हे गाव मी एसटीच्या खिडकीतून शेकडो वेळा पाहिलं असेल. ५ सप्टेंबर १९०७ रोजी इथं विठ्ठल हरी घोटगे नावाचा मुलगा जन्मला. पुढं स्वातंत्र्यचळवळीच्या धामधुमीत त्यानं नाव बदललं, आणि जयंत पांडुरंग नाईक या नावानं तो जगाला माहीत झाला. जे. पी. नाईक. १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव. युनेस्कोनं जगभरातल्या शंभर शिक्षणविचारवंतांवर खंड काढले, त्यांत गांधी आणि टागोरांबरोबर नाईकांवर लेख आहे. मला हे नाव कळलं वयाच्या बाविसाव्या वर्षी, इंजिनिअरिंग संपल्यावर, पुण्यातल्या एका अभ्यासिकेत. आमच्या तालुक्यात शिक्षक दिन ५ सप्टेंबरला जोरात होतो. त्याच तारखेला आपल्याच तालुक्यात आणखी कुणी जन्मलं होतं, हे आम्हाला एकाही गुरुजींनी सांगितलं नाही.

कोठारी आयोगानं म्हटलं होतं की राष्ट्रीय उत्पन्नाचे सुमारे २.९ टक्के शिक्षणावर जातात, ते १९८५-८६ पर्यंत ६ टक्क्यांवर न्यायला हवेत. शेजारच्या सगळ्या मुलांची शाळा एकच असावी, श्रीमंतांची वेगळी नको, असंही सांगितलं होतं. सहा टक्के हा आकडा तेव्हापासून प्रत्येक धोरणात येतो, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही आला, आणि अजून गाठायचा आहे. नाईकांना हे दिसत होतं. १९७५ मध्ये आलेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकात समता, गुणवत्ता आणि संख्या या तीन बाजूंचा त्रिकोण आहे, आणि हा त्रिकोण आपल्या हाती लागत नाही असं शीर्षकातच आहे.

नाईकांचं आणखी एक काम आमच्या अगदी शेजारी आहे. भुदरगड तालुक्यातल्या गारगोटीचं मौनी विद्यापीठ उभं करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९५० च्या दशकात खेड्यातल्या पोरांना खेड्याच्या कामाचं शिक्षण गावाजवळच मिळावं म्हणून ते वाढलं. कायद्याच्या व्याख्येत ते युनिव्हर्सिटी कधीच नव्हतं, तरी नावात विद्यापीठ. मामाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "गारगोटीचं व्हय? तितं तर आमच्यातली लै पोरं शिकली." फी किती होती, हे त्याला आठवत नव्हतं. एखाद्या शिक्षणसंस्थेची फी लोकांना आठवू नये, याचं मला तरी अप्रूप वाटलं.

मग फी आठवणीत राहायला कधी लागली? माझ्या मते दोन तारखा एकमेकींना चिकटून आहेत. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. आजरा, गडहिंग्लज, चंदगड या पट्ट्यातल्या घराघरातला एक माणूस गिरणीत होता. माझा थोरला चुलता त्यातलाच. घरची शेती पोटापुरती, आणि पोरांच्या वह्या, कपडे, फी हे सगळं मुंबईच्या मनीऑर्डरवर. ती मनीऑर्डर थांबली. आणि १९८३ मध्ये, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, महाराष्ट्र सरकारनं खाजगी संस्थांना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं काढायची परवानगी दिली. सरकार पैसा देणार नाही, विद्यार्थी देतील. या दोन घटनांचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध नाही. पण आमच्या घरात त्या एकामागोमाग आल्या: रोख पैसा आटला आणि शिक्षण रोखीनं विकत मिळायला लागलं.

वसंतदादांच्या बाजूनंही बोललं पाहिजे. सरकारी कॉलेजं मोजकी होती. महाराष्ट्रातली पैसेवाली मुलं देणगी भरून कर्नाटकात जात होती, आणि तो रस्ता आमच्या दारावरून जातो. मणिपालला १९५३ पासून खाजगी मेडिकल कॉलेज होतं. बेळगावात केएलई संस्था होती. ती १९१६ मध्ये सात शिक्षकांनी काढलेली, म्हणजे जवळपास शाहूंच्याच काळातली. पैसा बाहेर जाण्यापेक्षा राज्यात राहिलेला बरा, आणि जागा वाढल्या तर खेड्यातल्यांनाही मिळतील, असा तो हिशोब. जागा वाढल्या हे खरं. आमच्या तालुक्यात आज घरटी इंजिनिअर आहेत, ते १९८३ शिवाय झाले नसते. मीही त्यातच. नाईकांच्या त्रिकोणातली संख्येची बाजू लांबली, बाकी दोन बाजूंचं बघायला वेळ नव्हता. 'देणगी' हा शब्द इतका गाजला की १९८७ मध्ये राज्याला कॅपिटेशन फीवर बंदी घालणारा कायदा करावा लागला.

याच काळातलं एक दरपत्रक मला कायम आठवतं. जून १९८९ मध्ये कर्नाटक सरकारनं खाजगी मेडिकल कॉलेजांची वार्षिक फी ठरवून दिली. सरकारी कोट्यातल्या मुलाला २,००० रुपये. कर्नाटकातल्या इतर मुलाला २५,०००. कर्नाटकाबाहेरच्याला ६०,०००. मेरठच्या एका मुलीला तुमकूरच्या कॉलेजात प्रवेश हवा होता, ६०,००० भरणं वडिलांना शक्य नव्हतं. ती सुप्रीम कोर्टात गेली. १९९२ चा मोहिनी जैन विरुद्ध कर्नाटक हा निकाल तो हाच, ज्यात कोर्टानं कॅपिटेशन फी बेकायदा ठरवली. पण ते दरपत्रक पुन्हा बघा. जितक्या लांबून आलात तितका दर जास्त. माझ्या विद्यापीठाच्या नकाशावरचे ठिपके मला तेव्हापासून वेगळे दिसायला लागले. परराज्यातला विद्यार्थी म्हणजे विविधता, ते आहेच. पण त्याला आपल्या राज्याची फीसवलत लागू होत नाही, म्हणजे तो पूर्ण फी देणारा गिऱ्हाईकही असतो.

१९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात कोर्टानं तोड काढली: निम्म्या जागा फुकटच्या, निम्म्या पैसे भरून. पैसेवाल्यांनी गरिबांचा भार उचलावा, अशी कल्पना. कागदावर शाहू आणि भाऊराव दोघांनाही आवडली असती. घडलं उलट. फुकटच्या जागा मार्कांवर. मार्क कुणाला? शहरातल्या, चांगल्या शाळेतल्या, क्लास लावलेल्या मुलांना. खेड्यातला मुलगा दोन-चार टक्क्यांनी मागं पडे आणि पैसे भरायच्या रांगेत जाई. म्हणजे आजऱ्यातल्या शेतकऱ्यानं जमीन गहाण टाकून पुण्याच्या डॉक्टरच्या पोराची फी भरायची. हे मी रागानं म्हणत नाही. फुकटच्या जागांचा फायदा सुस्थितीतल्या घरांना जास्त झाला, हे २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्याच्या निकालात अकरा न्यायाधीशांच्या पीठानंच नोंदवलं आणि ती योजना रद्द केली. त्याच निकालात संस्थांनी 'वाजवी शिल्लक' ठेवायला हरकत नाही, नफेखोरी मात्र चालणार नाही, असं म्हटलं.

वाजवी शिल्लक हा शब्द फार सोयीचा आहे. आपल्याकडे कायद्यानं शिक्षण नफ्यासाठी चालवता येत नाही. विद्यापीठामागं ट्रस्ट असतो, सोसायटी असते, नाहीतर ना-नफा कंपनी. अमेरिकेत निदान लपवाछपवी नाही. तिथं उघडपणे नफ्यासाठी चालणारी विद्यापीठं आहेत. १९७६ मध्ये निघालेल्या युनिव्हर्सिटी ऑफ फीनिक्सच्या मालक कंपनीचे शेअर बाजारात विकले गेले. गंमत अशी की तिथल्या अशा विद्यापीठांत कृष्णवर्णीय, नोकरी करणाऱ्या बाया, माजी सैनिक यांचं प्रमाण इतर विद्यापीठांपेक्षा जास्त. कारण सरकार विद्यार्थ्याला कर्ज देतं, ते थेट संस्थेच्या तिजोरीत जातं आणि फेड विद्यार्थ्याच्या डोक्यावर राहते. गरीब विद्यार्थी तिथं फायद्याचा. कोरिंथियन कॉलेजेस ही त्यातली मोठी साखळी २०१५ मध्ये बंद पडली, आणि २०२२ मध्ये अमेरिकी सरकारला तिच्या साडेपाच लाखांहून जास्त विद्यार्थ्यांचं ५८० कोटी डॉलर कर्ज माफ करावं लागलं. त्यामुळं मी आता कुठल्याही संस्थेच्या विविधतेचा आकडा ऐकला की आधी विचारतो, पैसे कुणी भरले.

आपल्याकडे पुढं २००५ च्या इनामदार निकालानं विनाअनुदानित संस्थांवर राज्याचं आरक्षण लादता येणार नाही असं ठरवलं, त्यावर संसदेनं त्र्याण्णवावी घटनादुरुस्ती केली. तो तपशील वकिलांसाठी सोडतो. दरम्यान महाराष्ट्रात वेगवेगळ्या कायद्यांनी खाजगी विद्यापीठं निघाली. आमच्या जिल्ह्यातही अतिग्रेला २०१७ मध्ये एक झालं. आणि दुसरीकडे सरकारनं विनाअनुदानित कॉलेजांतल्या मुलांची फी अंशतः भरायची योजना आणली. तिचं नाव, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं तर ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ झाली.

त्या निर्णयात एक कंस आहे. खाजगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळून. व्यवस्थापन कोट्यातले प्रवेशही वगळून.

हा कंस मी बहिणीला स्क्रीनशॉट काढून पाठवला, खाली लाल रेघ मारून. मग फोन लावला. रेंज दोनदा गेली. तिसऱ्यांदा मामानं उचलला, आणि आम्ही आकडे मांडले. विद्यापीठ: १,६०,००० फी, पहिल्या वर्षी पंचवीस टक्के सूट, पुढची तीन वर्षं पूर्ण. एकूण ६ लाख. कॉलेज: शिक्षण फी माफ, विकास शुल्क वर्षाला नऊ हजारांच्या आसपास. होस्टेल दोन्हीकडं सारखंच. मामा बराच वेळ गप्प होता. मागं पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"म्हंजे शाहू म्हाराजांचं नाव त्या गेटाच्या आत चालत न्हाई?"

"न्हाई मामा."

"आणि आईच्या पाटल्या तुज्या? सुटल्या का?"

"एक सुटलीय."

बहिणीनं फोन घेतला. तिला वेगळीच शंका होती. विद्यापीठाच्या होस्टेलला आसामची, केरळची मुली भेटल्या असत्या. या कॉलेजात सगळ्या सांगली-कोल्हापूरच्याच असणार, मग आपण काय नवीन बघणार? मला तिची शंका रास्त वाटली, कारण सिलचरचा माझा रूममेट आजही माझा सगळ्यात जवळचा मित्र आहे. मी तिला एवढंच सांगितलं की त्या कॉलेजात माझा तो बेंचमेट शिकला. त्याचा नंबर देतो, होस्टेलमध्ये कोण कोण होतं ते त्यालाच विचार.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आजऱ्याच्या सेतू केंद्रात गेली. नॉन-क्रिमिलेअरचा दाखला एसईबीसीच्या मुलींनाही लागतो, आणि तिचा अर्ज तहसीलला अडकला होता. रांगेत तिच्या पुढं अठरा जण होते, त्यात सात मुली. साडेअकराला सर्व्हर बंद पडला. साडेतीनला तिनं मेसेज केला: 'पावती मिळाली. त्यावर सीट फ्रीज झाली. तुझ्या मित्राला फोन केला होता, तो म्हणाला मेसचं जेवण बेकार आहे, घरनं घनसाळ तांदूळ घेऊन ये.'